बावीस वर्षांची घडी

पुंडलिकराव गालिच्यावरच बसून होते, कारण उठवत नव्हतं. सकाळपासून नऊ गालिचे गुंडाळून झाले होते आणि अजून तेवढेच गुंडाळायचे बाकी होते. उद्या म्युझियमची गाडी येऊन सगळंच नेणार होती. इराणचे गालिचे, तुर्कस्तानच्या किलीम सतरंज्या, समरकंदच्या भरतकामाच्या चादरी, पेरूची एक शाल. चाळीस वर्षांचा पसारा. गुडघे गेले, नजर गेली, पोरगा परदेशात. कोण सांभाळणार? "सुटलो बुवा एकदाचा," असं ते सकाळपासून बायकोला, शोभाबाईंना, चारदा म्हणाले होते. चारही वेळा आवाज बसकाच निघाला.

तेवढ्यात गोमाजी आला. कॉलेजात पुंडलिकराव शिकवायचे त्याच विभागाचा तीस वर्षं शिपाई, आता तळेगावला राहणारा. पहिल्या एसटीनं निघालेला दिसत होता. चपला बाहेर काढून आत आला, पण बस म्हटलं तरी बसला नाही.

"सर, ते लुगडं पायजे होतं. धुरपताचं."

पुंडलिकरावांना आधी कळेचना. मग आठवलं. धुरपता म्हणजे गोमाजीची बायको. तिच्या बापानं तिच्या लग्नासाठी स्वतःच्या मागावर विणलेलं लुगडं. बावीस वर्षांपूर्वी पुंडलिकरावांनी ते नुसतं बघायला मागितलं आणि अभ्यासाला म्हणून ठेवून घेतलं. सरांना नाही कसं म्हणायचं, म्हणून गोमाजीही गप्प बसला होता.

"आत्ता? का रे?"

"धुरपता जाऊन राह्यली, सर. डॉक्टरनं घरी न्या म्हनलं. परवापासून एकच घोकून राह्यली, माह्या बापाचं लुगडं आना. शेवटचं लुगडं माहेरचंच लागते न बाईले. माहेरी तं आता कोनी उरलं नाई. एक भाऊ होता, तोही गेला. आनाचं कोठून?" त्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "तिले वाटते, लुगडं घरच्या पेटीत हाय. तुमाले देल्लं, हे म्या कधी सांगतलंच नाई तिले."

"अरे, पण यादी गेली त्यांच्याकडे. सह्या झाल्या," पुंडलिकराव म्हणाले. दमलेला माणूस आधी नाहीच म्हणतो.

"यादी गेली तं गेली!" शोभाबाई स्वयंपाकघरातूनच कडाडल्या. "एक लुगडं कमी झालं म्हनून काही ओस नाई पडत तुमचं म्युझियम. द्या काढून मुकाट्यानं!"

पुंडलिकरावांना स्वतःचीच लाज वाटली. हात टेकत टेकत ते उठले. कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, समरकंदच्या चादरींच्या गठ्ठ्याखाली ते होतं. हिरवं अंग, रेशमाचा लाल काठ. गोमाजीनं त्या दिवशी घडी घालून हातात दिलं होतं, अगदी तसंच. ती घडी बघितली आणि पुंडलिकरावांना आपलंच शिकवणं आठवलं.

जुनं कापड घडीत ठेवू नये, नळीवर गुंडाळावं. घडी घातलीच, तर दर हिवाळ्यात उघडून निराळ्या जागी घालावी, नाहीतर मोडीवरचं सूत कुजतं. हे त्यांनी तीस वर्षं पोरांना फळ्यावर लिहून शिकवलं होतं. पेरूच्या शालीला ते दर डिसेंबरात सावलीत वारा द्यायचे. इराणच्या गालिच्यांतला कडुनिंबाचा पाला न चुकता बदलायचे. ह्या लुगड्याला मात्र बावीस वर्षांत हात लागला नव्हता. इथलंच तर आहे, बघू कधीतरी, असं म्हणत राहिले आणि राहून गेलं.

"हळू हं," ते म्हणाले. दोघांनी दोन टोकं धरली. पहिली घडी उलगडली आणि कापड मोडीवरून सरळ तुटलं. आवाजसुद्धा झाला नाही. दुसरी घडीही तशीच गेली. तिसरीला पुंडलिकरावांनी हातातलं टोक सोडून दिलं. लुगड्याचे हातहातभर तुकडे फरशीवर पडले.

शोभाबाई दारात येऊन उभ्या होत्या. "अगं माय!" त्या म्हणाल्या.

"चुकलं माझं, गोमाजी. फार मोठी चूक झाली," पुंडलिकराव म्हणाले. "दोन दिवस दे मला. मागून मलमल लावतो, एकेक टाका घालून जोडून देतो. येतं मला ते."

"दोन दिवस कोठून आनू, सर? मी वापस पोचेपर्यंत असली तं नशीब."

पुंडलिकरावांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. चष्मा काढून ते तसेच उभे राहिले. शोभाबाईंनी लगबगीनं आतून आपली कोरी नऊवारी आणली, पण गोमाजीनं मान हलवली.

"राहू द्या, बाई. नुसती बोटं फिरवली तरी वळखन धुरपता. बापाचं सूत हाय."

तो खाली बसला. एकेक तुकडा उचलून त्यानं दुपट्ट्यात ठेवला, काठ काठाशी आणि पदर वर. घाई असूनही घाई केली नाही. चार टोकांची गाठ मारली, गाठोडं छातीशी धरलं आणि उठला.

"तिला काय सांगशील?" पुंडलिकरावांनी विचारलं.

गोमाजी चपला घालता घालता थांबला.

"सांगीन, पेटीतच होतं. म्याच कधी उघडून पाह्यलं नाई."