एक टाका कच्चा

रुद्राणीच्या कॉलेजातल्या परीक्षेचा नियम उलटा होता. रॉकेट हवेत फुटलं पाहिजे, तरच वरच्या डब्यातली बाहुली वाचते का ते कळणार. डबा तिनं स्वतः केला. रॉकेट सेलूच्या वीरुपाक्षमामांकडून वेल्डिंग करून घेतलं आणि तीनदा बजावलं, "मामा, एक टाका कच्चा मारा."

रॉकेट न फुटता सरळ वर गेलं आणि बाहुलीसकट येलदरीच्या धरणात बुडालं.

"मामा, कच्चा टाका?"

"हात धजला न्हाई, पोरी. माह्या दुकानातून आजवर कच्चं काम गेलेलं न्हाई."

सरांनी शेवटची संधी दिली. रुद्राणी आबासाहेब ठेकेदारांकडे गेली. पहिल्यांदा भरली त्याच दिवशी कोसळलेली गावची पाण्याची टाकी त्यांनीच बांधलेली.

"काका, रॉकेट लय मजबूत पाहिजे."

"पन्नास वर्षं हालणार न्हाई," आबासाहेब म्हणाले.

चार हात वर जाताच रॉकेट फुटलं. डबा उसळून सुटला, पॅराशूट उघडलं आणि बाहुली अलगद सरांच्या पायाशी उतरली.

सरांनी पैकीच्या पैकी मार्क दिले. "रॉकेट कोणी बनवलं?"

"आबासाहेबांनी."

सरांचा चेहरा उतरला. आजूबाजूला बघत ते हळूच म्हणाले, "आपल्या कॉलेजची बिल्डिंग त्यांचीच हाय. असा एक डबा माझ्या खुर्चीला बसवून दे."