नाव कुणाचं आधी

बंदराच्या फाटकासमोर संपाची सभा भरली होती आणि मंचावर दोन युनियनचे पुढारी हमरीतुमरीवर आले होते. बंदराच्या साहेबाला द्यायच्या निवेदनावर आधी नाव कुणाचं घालायचं, यावरून वाद चालला होता.

खाली उन्हात क्रेनवाला तुळाजी भोईर बसला होता. शेजारी सोनूबाई. साखळी तुटली आणि तिचा नवरा कंटेनरखाली सापडून गेला, म्हणून तर हा संप. अखेर तुळाजीचं डोकं फिरलं. मंचावर चढून त्यानं माईक ओढून घेतला.

"जो मेला त्याचं नाव आधी सांगा! दोघांतला कुणीही सांगा."

एकानं घसा खाकरला. दुसऱ्यानं चिटणिसाकडं पाहिलं.

नवऱ्याचं नाव कधी तोंडावर न आणणारी सोनूबाई खालून म्हणाली, "जोमा म्हात्रे."

तुळाजी खाली उतरला. "चला वहिनी, साहेबाला आपणच भेटू."

ती उठली आणि तिच्यामागोमाग सगळी सभा उठली.