मीटरवरची लाल खूण

स्वरूपनं बाइकमध्ये रेसिंगचा कॅम बसवून घेतला आणि आरपीएमच्या मीटरवर, कंपनीच्या लाल पट्ट्याच्या बरीच अलीकडं, एक नवी लाल खूण आली. "काटा हिच्यापुढं न्यायचा न्हाई," तो म्हणाला. जोराचा पार्ट टाकून इंजिन कमी फिरवायचं? प्रेरणाला नवऱ्याची ही थाप वाटली. ती थेट कॅम बसवणाऱ्या मिस्त्रीकडं, सारोळ्याच्या गॅरेजात गेली.

"खरंय, वहिनी," झुल्फिकारभाई म्हणाला. "व्हॉल्व्ह उघडणारा कॅम नवा, पण त्यास्नी मिटवणाऱ्या स्प्रिंगा जुन्याच. लई फिरवलं तर व्हॉल्व्ह वेळेत मिटायचे न्हाईत, पिस्टनवर आदळतील."

तिला हायसं वाटलं. "म्हंजे खूण तुमीच केली."

"म्या निस्तं बोटानं दावलं. 'बायकोचं नेलपॉलिश लावतो,' म्हणला."

प्रेरणानं जन्मात कधी नखं रंगवली नव्हती.