दातांतला दोरा

मध्यंतर संपत आलं आणि रिम्माच्या झग्याचा हूक तुटला. आमच्या पेर्म शहरातल्या बॅलेचा कपडेपट सांभाळणारी क्लावदियामावशी तो झगा तिच्या अंगावरच शिवायला लागली. "हलू नकोस, पहिल्या अंकात मेलेली पोर ना तू? दातांत दोरा धर. नाहीतर कपड्यासोबत आठवणीही शिवल्या जातात, माणूस सगळं विसरतो." समोरच्या विंगेत गेर्मान लग्नाची नवी अंगठी काढून ठेवत होता. गेल्या उन्हाळ्यापर्यंत तो रिम्माचा होता. बॅलेच्या गोष्टीतही पहिल्या अंकात त्याने फसवलं म्हणून ती मेली होती. आता भूत होऊन तिने त्यालाच वाचवायचं होतं, प्रत्येक प्रयोगात वाचवायची तसं. रिम्माने दातांतला दोरा थुंकला. "शिव मावशी, सगळं शिवून टाक." मावशीने शेवटची गाठ मारली. "तुझ्याएवढी असताना मीही दोरा थुंकला होता गं," ती म्हणाली. "आजही माप न घेता माझ्या त्या नालायकाचा कोट शिवीन."