सातच्या बातम्या

"कव्हर कुठंय याचं?" थोरल्याने विचारलं.

"काढून ठेवलंय. मोठी डिस्क घातल्यापासून बसत नाही," धाकटा म्हणाला.

टीव्हीखालच्या फळीवर रेकॉर्डर उघडाबोडका पडला होता. तारा बाहेर लोंबत होत्या, आतला पंखा चिकटपट्टीने धरून ठेवलेला. थोरला एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर विभागाचा प्रमुख होता. हाताखालच्या साठ माणसांतल्या कुणी असलं काम केलं असतं, तर त्याला त्याने जेवणाच्या सुट्टीच्या आत घरी पाठवलं असतं.

"असली कलाकुसर तूच करू जाणे."

धाकटा नुसता हसला. या हसण्याचीच थोरल्याला चीड यायची. चाळिशीचा माणूस, बापाला सांभाळत घरी बसलेला. टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, तेही बंद केलं. बायको जाऊन तीन वर्षं झाली. दुसरा कुणी असता तर एव्हाना कामाला लागला असता.

खिडकीजवळच्या खुर्चीत बाबा बसले होते. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा सदरा. थोरल्याकडे बघून ते गोड हसले.

"बसा ना. सूनबाई ऑफिसातून येईलच इतक्यात. चहा घेऊन जा."

स्वतःच्या मुलाला 'बसा'. थोरल्याने मान फिरवली.

धाकट्याने त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि आवाज खाली आणला. "तिचा विषय काढू नकोस त्यांच्यासमोर. त्यांच्या डोक्यात अजून ती होती तेच वर्ष चालू आहे. म्हणून तर हा रेकॉर्डर. त्या वर्षीच्या रोजच्या बातम्या आहेत त्यात. आज जी तारीख असेल, त्या तारखेच्या बरोबर सातला लागतात. गेला आठवडाभर मात्र मध्येच अडकतोय. बाबा कावरेबावरे होतात रे."

"म्हणजे तीन वर्षं तू त्यांना शिळ्या बातम्या दाखवतोयस?"

"त्यांना शिळ्या वाटत नाहीत."

"आणि दिवसभर हेच?"

"त्यांचं आवरतो, जेवण बघतो, फिरायला नेतो. पेपरही जुनेच काढून ठेवतो सकाळी." धाकट्याने एक कप उगाच पुन्हा विसळला. "वेळ कसा जातो कळत नाही."

एक वेडा आणि एक त्याचा राखणदार, थोरल्याच्या मनात आलं. राखणदार जास्त वेडा.

सव्वासहाला धाकटा बाबांच्या गोळ्या आणायला निघाला. चपला घालता घालता म्हणाला, "सॉफ्टवेअर नवीन घाल, पण डिस्क तेवढी पुसू नकोस, दादा."

"मला शिकवू नकोस."

थोरल्याने लॅपटॉप जोडला. आतलं सॉफ्टवेअर कुणा हौशी मंडळींनी फिरवलेलं, आणि त्यावर धाकट्याने जागोजागी स्वतःची ठिगळं लावलेली. प्रत्येक ठिगळाच्या डोक्यावर बाळबोध टिपा. 'बाबांना डुलकी लागली असेल तर आवाज हळूहळू कमी.' 'निवडणुकीचा निकाल वगळणे, बाबा चिडतात.' थोरला नाकातल्या नाकात हसला. लहानपणी हाच घड्याळ उघडून बसायचा, आणि मग ते कधी चालायचं नाही.

त्याने रेकॉर्डरच्या कंपनीचं मूळ, ताजं सॉफ्टवेअर उतरवलं आणि घातलं. रेकॉर्डर बंद होऊन परत सुरू झाला. पडद्यावर प्रश्न उमटला: डिस्क अनोळखी आहे, पुसून नव्याने तयार करायची का?

धाकट्याचं वाक्य त्याला आठवलं. नीट आठवलं. पण हा पोरखेळ कुणीतरी एकदा थांबवायलाच हवा होता, आणि या घरात तेवढी अक्कल असलेला माणूस एकच होता. त्याने 'हो' दाबलं.

सातला बातम्या लागल्या. आजच्या. खाली पट्टीवर आजची तारीख, सालासकट ठळक अक्षरांत.

"बघा बाबा," बहिऱ्याशी बोलावं तसा थोरला ओरडला, "ही आजची तारीख! तीन वर्षं झाली! सूनबाई गेली, बाबा! कळतंय का?"

बाबांनी पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. चेहऱ्यावरचं गोड हसू विरलं.

"ओरडू नकोस," ते म्हणाले. "ऐकू येतं मला. ती गेली तेव्हा तिच्या उशाशी मीच होतो. तू दुसऱ्या दिवशी आलास आणि चौथ्या दिवशी गेलास."

बाबांनी उघड्या रेकॉर्डरकडे बोट केलं.

"जुनं परत आणता येईल?"

"नाही. सगळं पुसलं गेलं."

"गेलं, की तू पुसलंस?"

थोरला चाचरत म्हणाला, "तुम्हाला जर सगळं कळत होतं, तर मग हे तीन वर्षं..."

"ती गेल्यावर पाच आठवडे तुझा भाऊ अंथरुणातून उठला नव्हता," बाबा म्हणाले. "अंघोळ नाही, अन्नाला स्पर्श नाही. डॉक्टर झाले, मित्र झाले, माझं रडून झालं. मग एका सकाळी मी त्याला विचारलं, सूनबाई कुठं दिसत नाही ती? तो उठून बसला. मला भरवायचं म्हणून का होईना, त्या दिवशी या घरात चूल पेटली."

जिन्यात पावलं वाजली. बाबांनी टीव्ही बंद केला आणि रिमोट थोरल्याच्या हातात ठेवला.

"त्याला खरं काय ते सांग. डिस्क मी पुसली म्हणावं," ते म्हणाले. "माझी काळजी नको. आजपासून मला टीव्ही म्हणजे काय, तेच आठवणार नाही."