हळदबोडाइट

एखाद्या खडकाला गावाचं नाव मिळालं की ते गाव अमर होतं. राजे जातात, राज्यं जातात, गावोगावच्या जमीनदाऱ्या, मालगुजाऱ्या तर सरकारने एका सहीनिशी घालवल्या. पण खडकाचं नाव जगभरच्या ग्रंथांत जातं ते कायमचं. अट एवढीच, की गाव नकाशावर असावं लागतं.

पिपरझरी नकाशावर नव्हतं. म्हणून पिपरझरीच्या टेकडीवरल्या खडकाचं नाव दोन कोसांवरच्या हळदबोडीवरून पडलं. हळदबोडाइट. अर्थ: काळा, जड, लोखंडाचा आणि जगात दुसरीकडे कुठेही आढळत नाही असा शिशाचाही अंश असलेला खडक. वापर: एकदा भूगर्भवाल्या पाळंदे साहेबांच्या इंग्रजी निबंधात, एकदा हळदबोडीच्या शाळेत पंधरा ऑगस्टच्या भाषणात, आणि पोंभुर्ण्याच्या बाजारात दर आठवड्याला. तिथे हळदबोडीचे गुणवंतराव पिपरझरीच्या भैयाजींना चारचौघांत गाठून विचारत, "काय भैयाजी, आमचा हळदबोडाइट बरा हाये न?"

मालगुजारी गेल्यावर भैयाजींना मिळवायला नावच तेवढं उरलं होतं. त्यासाठी त्यांनी पाळंदे साहेबांना महिनाभर घरी ठेवून कोंबड्या खिलवल्या होत्या. साहेबांनीही हाडूक चोखता चोखता शब्द दिला होता, "नाव तुमच्याच गावाचं."

आज दोन वर्षांनी साहेबांची जीपगाडी पुन्हा त्याच अंगणात उभी होती. साहेब वाळले होते. कोंबडीचा विषय कोणी काढला नाही.

"विलायतेतले लोक शंका घेतायत, भैयाजी. मी अख्खी टेकडी फोडून पाहिली, शिसं कशातच नाही. आहे ते फक्त तुम्ही आणून दिलेल्या त्या पहिल्या तुकड्यात. मी तापाने पडलो होतो, तेव्हाचा. तो नेमका कुठून फोडलात?"

"हळदबोडीले इचारा न, साहेब. दगड त्याइचा हाये."

"अहो, नकाशात..."

"हो. नकाशात नाई आमी."

साहेबांनी मान खाली घातली. "माझं नाव जाईल हो."

हे दुःख भैयाजींच्या चांगलंच ओळखीचं होतं. त्यांनी घरात डोकावून पाहिलं. बायको, रुखमाबाई, घरात नव्हत्या. मंगळवार होता, त्या कुठे असतील हे त्यांना माहीत होतं, आणि नेमक्या त्याच जागी साहेबांना न्यायचं होतं.

दोन वर्षांपूर्वी सगळं गाव धानाच्या रोवण्याला गेलेलं असताना, साहेबांना गावातला सगळ्यात मानाचा दगड द्यावा म्हणून, भैयाजींनी मातामायचा कान फोडला होता. राखेने घासघासून काळा कुळकुळीत केला होता. गावाच्या नावासाठी गावाच्या देवीचा कान. हिशेब त्यांना तेव्हा बरोबर वाटला होता. चोर कोण ते गावाला कळलं नाही. रुखमाबाई मात्र तेव्हापासून दर मंगळवारी मातामायपाशी जात, घरी येऊन "जेनं मायचा कान नेला त्याचे हात झडून जाओ" असं म्हणत, आणि मग नवऱ्याला वाढत.

भैयाजी बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत बसले. मग त्यांना गुणवंतरावांचं बाजारातलं तोंड आठवलं.

"चला," ते म्हणाले.

मोहाच्या झाडाखाली रुखमाबाई फुटक्या कानाच्या जागी तेलात कालवलेला शेंदूर थापत होत्या. साहेबांनी पिशवीतून जपून ठेवलेला तो पहिला तुकडा काढला आणि खडकाशी ताडून पाहायला पुढे केला. रुखमाबाईंनी तो त्यांच्या हातातून घेतला. उलटा केला, सुलटा केला. मग कानाच्या जागी टेकवला. बसला. फटीत त्यांनी बोटभर शेंदूर भरला.

"बाई," साहेबांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "हे लाल... नेहमीच लावता?"

"शेंदूर हाये. माह्या आजेसासूच्याही पयलेपासून लावतेत. काऊन?"

साहेब तिथेच, मिळाला त्या दगडावर बसले.

रुखमाबाई उठल्या. साहेबांकडे त्यांनी पाहिलंही नाही. पदराला हात पुसत त्या नवऱ्यासमोर आल्या आणि त्याचे दोन्ही हात उलटेपालटे करून नीट पाहिले.

"शाबूत हायेत," त्या म्हणाल्या, आणि घराकडे चालू लागल्या. त्या मंगळवारी भैयाजींना कोणी वाढलं नाही.

शेंदूर शिशापासून करतात. पोंभुर्ण्याच्या बाजारात पुडीत मिळतो.