चौदाव्या भागातला व्रण

"थांबवा. कपाळ मोठं करून दाखवा."

म्हाताऱ्याच्या आवाजासरशी दोन्ही पडद्यांवरची चित्रं गोठली. डाव्या पडद्यावर जुनी अंतराळमालिका 'नववा तळ', एकेचाळीस वर्षांपूर्वीची. उजव्यावर नव्या मालिकेचा गेल्या आठवड्यातला भाग. दोन्हीकडे निळ्या ग्रहाचा तोच राजदूत. जुन्याच्या कपाळावर सात ठिपके होते. नव्याच्या कपाळावर सहा.

"मोजलेस?"

"हो, बाबा," सून म्हणाली. "एक राहिला. माझंच चुकलं."

"लक्ष कुठे होतं?"

"पहाटे चारपासून एकोणीस चेहरे रंगवले होते."

"आम्ही बावीस रंगवायचो. आणि तेही गळक्या छपराखाली."

जुन्या मालिकेची रंगभूषा म्हाताऱ्याची होती, नव्या मालिकेची सुनेची. तिने ती स्वतःच्या कसबावर मिळवली होती, सासऱ्याच्या नावावर नाही. पण जुने प्रेक्षक पहिल्या दिवसापासून डोळ्यांत तेल घालून बसले होते. यान तसं नाही, कॅप्टन तसा चालत नाही, नव्या पोरांना जुन्याची किंमत नाही. सहा ठिपक्यांचं त्यांना आयतंच निमित्त मिळालं. शेवटी निर्मात्याने जुन्या रंगभूषाकारांनाच बोलावलं. ते म्हणतील ते खरं. त्यांनी निष्काळजीपणा म्हटलं, तर सुनेचं काम आजच संपणार. तसा कागद टाइप होऊन टेबलावर पडला होता. सही तेवढी राहिली होती.

मागच्या खुर्चीत सासू बसली होती. जुन्या मालिकेची नोंदवही तिच्याकडे असायची. कुणाची बाही किती दुमडलेली, पट्टी कुठल्या हाताला, पेल्यात पाणी किती. एका दृश्यातलं पुढच्या दृश्यात बदलू नये, म्हणून ती सगळं लिहून ठेवायची. सूर्य चुकेल, पण बाईंची वही चुकणार नाही, असं लोक म्हणत.

खरं तर तिला नवी मालिका आवडली होती. जुन्या यानाचं दार आडून दोन माणसं दोरीने ओढायची. त्यातला एक शिंकला, की अंतराळात शिंक ऐकू यायची. नव्यातली माणसं जरा घाईने बोलतात, एवढीच तिची तक्रार. पण घरात हा विषय काढायची सोय नव्हती. महिनाभर सासरा आणि सून एकमेकांकडे मीठसुद्धा तिच्यामार्फत मागत होते.

म्हाताऱ्याने पेनचं टोपण काढलं.

"घरचं माणूस म्हणून सोडलं, असं व्हायला नको," तो म्हणाला. सून खाली बघत राहिली. तिच्या नखांत अजून निळा रंग होता.

"जुना चौदावा भाग लावा," सासू म्हणाली.

म्हातारा गर्रकन वळला. "कशाला?"

"लावा हो. कॅप्टन डॉक्टरणीचा निरोप घेतो, ते दृश्य."

डाव्या पडद्यावर कॅप्टन आला. त्याच्या गालावरचा व्रण लहान मुलांनाही पाठ होता. तेरा भाग तो डाव्या गालावर होता. इथे तो उजव्या गालावर होता.

"हे कुणाला माहीत नाही?" निर्माता हसला. "हा खरा कॅप्टन नाहीच, तोतया आहे. लोकांनी यावर पुस्तकं लिहिलीत. आमचं पुढचं सगळं कथानक या व्रणावर उभं आहे."

"तो खराच कॅप्टन आहे," सासू म्हणाली. "व्रण चुकला होता."

निर्मात्याने पुढे वाकून पडद्यावरचा गाल पुन्हा पाहिला.

"दृश्य होऊन गेल्यावर माझ्या लक्षात आलं. डॉक्टरणीचं काम करणारी बाई गाडीत बसून निघूनही गेली होती. मी तोंड उघडलं असतं, तर रंगभूषेचा नवा माणूस त्याच दिवशी घरी गेला असता. मी वहीत 'डावा' खोडला आणि 'उजवा' लिहिला."

"बाई, तुम्ही?" निर्मात्याने विचारलं.

"मीच. तेव्हा आमचं लग्न सोडा, धड ओळखही नव्हती."

म्हाताऱ्याच्या हातातलं पेन कागदावर टेकलेलं होतं. तिथे शाईचा डाग पसरत गेला. मग त्याने कागद उचलला, चार तुकडे केले आणि टेबलावर ठेवले.

"मला वाटायचं, कुणी पाहिलंच नाही," तो म्हणाला. "हिचा एक ठिपका गेला. माझा अख्खा गाल गेला होता. हिला काढायचं, तर आधी माझं नाव जुन्या भागांवरून काढा."

निर्मात्याने कपाळाला हात लावला. "अहो, पण सहा ठिपक्यांचं लोकांना काय सांगू?"

"काही सांगू नका," सासू म्हणाली. "महिनाभर थांबा. तेच तुम्हाला कारण सांगतील."

निर्मात्याने कागदाचे तुकडे टोपलीत टाकले. मग सुनेला म्हणाला, "उद्या पहाटे चारला. आणि आता राजदूताला सहाच ठेवा."

सुनेने डोळे पुसले, निळ्या नखांनीच. पहिल्यांदा ती सासऱ्याकडे सरळ वळली.

"पण बाबा, गाल कसा चुकतो हो?"

"फोटो समोर ठेवून रंगवायचं असतं, चेहऱ्याकडे बघून. मी त्या दिवशी खुर्चीमागे उभा राहून, आरशात बघून रंगवलं. आरशात सगळं उलटं होतं."

"आरशात बघून?" सासू म्हणाली. "इतरांना तर तुम्ही पुढे त्यावरून ओरडायचात. मग त्याच दिवशी काय झालं होतं?"

म्हातारा पेनचं टोपण लावत बसला. ते लवकर लागेना.

"तू वही घेऊन दारात उभी होतीस," तो म्हणाला. "सरळ बघायचा धीर नव्हता."